थंड हवेचं झाड

परचुरेसाहेब वाईट माणूस नव्हते. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे सांगायला जागा मिळेलच असं नाही. भोपाळच्या अवधपुरीत आमची घरं भिंतीला भिंत लागून होती आणि सोळा वर्षं मी त्यांचा शेजारी होतो. या सोळा वर्षांत ते कधी खोटं बोलले नाहीत, कधी आवाज चढवला नाही, कधी आपला कचरा दुसऱ्याच्या दारात लोटला नाही. तरी आज त्यांची आठवण आली की मला राग येतो. आधी त्यांचा येतो, मग त्यांच्या बायकोचा, शालिनीकाकूंचा येतो, आणि शेवटी माझा स्वतःचा. तो सगळ्यात जास्त वेळ टिकतो.

साहेब मूळचे साताऱ्याकडचे. जवळच्या सरकारी कारखान्यात तपासणी विभागात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. तयार माल हातात घ्यायचा, मोजायचा, चालणार असेल तर सही करायची, नसेल तर परत पाठवायचा, एवढंच काम. पण त्या कामानं माणूस पुरता घडवला होता, किंवा बिघडवला होता. त्यांच्याकडे दूध मोजायची काचेची नळी होती. दूधवाला रोज सकाळी त्यांच्या दाराशी निकालाची वाट बघत उभा राहायचा आणि नळी तरंगून थांबेपर्यंत हलायचा नाही. चहाला पाणी उकळायला लागल्यापासून पत्ती किती मिनिटं ठेवायची हे ठरलेलं होतं आणि स्वयंपाकघरात त्यासाठी वेगळं घड्याळ होतं. "अंदाजानं काम करणारा माणूस दुसऱ्याच्या जिवावर उदार असतो," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मी इंदूरचा, विमा कार्यालयातला कारकून, माझं सगळं आयुष्यच अंदाजानं चाललेलं. त्यामुळे हे वाक्य माझ्याकडे बघूनच म्हटलं जायचं.

त्यांनी एकदा एका मोठ्या ओतीव भागावर सही करायला नकार दिला होता. केसाएवढी चीर होती म्हणे. महिनाअखेर होती, वरचा अधिकारी स्वतः येऊन बसला, पण साहेबांनी पेनाला टोपण लावलं. त्यापायी त्यांना चार वर्षं भांडारात टाकलं, जिथे तपासायला काही नव्हतं. ही हकिकत त्यांनी मला अगदी साध्या आवाजात सांगितली. ते उठून आत गेल्यावर काकू म्हणाल्या, "ती चार वर्षं घरात तपासणी चालायची." तेव्हा मी हसलो होतो.

आता झाडाबद्दल.

त्यांची मुलगी चार वर्षांची असताना हे तिघं दार्जिलिंगच्या बाजूला फिरायला गेले होते. मुक्कामाच्या बंगल्याच्या व्हरांड्यात एका कुंडीत ऑर्किड फुललं होतं. पांढरी फुलं, मध्ये पिवळसर केशरी ठिपका. काकू तिथं थांबल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "वास काय छान आहे." साहेबांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी ते एका म्हाताऱ्या रोपवाल्याकडून तेच झाड घेऊन आले. त्यानं एका चिठोऱ्यावर हिंदीत लिहून दिलं होतं: ठंडी जगह, हवा, पानी बराबर देना. हे चिठोरं साहेबांनी पुढे काचेच्या चौकटीत बसवून घेतलं.

झाड होतं डोंगरावरचं, धुक्यातलं. त्याला भोपाळात आणायचं म्हणजे सरळ सरळ छळ. इथे मे महिन्यात दुपारी अंगणातल्या नळाला हात लावता येत नाही. पण साहेबांनी ते मनावर घेतलं. निवृत्तीनंतर अवधपुरीत घर बांधलं तेव्हा उत्तरेची खोली झाडासाठी ठेवली. खिडकीत मोठा कूलर, त्याला खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या, दारावर ओलं गोणपाट, भिंतीवर तीन थर्मामीटर. कुंडीत माती नाही. "मुळांना माती नको, हवा पाहिजे," ते मला समजावायचे. लाकडी कोळशाचे तुकडे तीनदा धुऊन घ्यायचे, विटेचे खडे, नारळाच्या शेंड्या, आणि पार्सलनं मागवलेली चीडाची, म्हणजे पाइनच्या झाडाची, साल. कुंड्यांच्या अंगाला भोकं पाहिजेत म्हणून ते कुंभाराकडे स्वतः जाऊन बसले. कुंभार म्हणाला, साहब, ज़िंदगी भर छेद बंद करना सीखा, आप करवा रहे हो. साहेबांनी त्याला भोकाचा व्यास लिहून दिला. एका झाडाची कधी सात झाडं व्हायची, एखाद्या वाईट उन्हाळ्यानंतर दोनच उरायची, मग परत पाच. हिरवे फुगीर कंद, त्यावर लांब पानं, देखणं होतं. फक्त पस्तीस वर्षांत त्याला एकही फूल आलं नव्हतं.

मी या घरात राहायला आलो तो पहिलाच मे. दुपारी वीज गेली. आमच्याकडे इन्व्हर्टर नव्हता, म्हणून पाय मोकळे करायच्या निमित्तानं मी साहेबांकडे गेलो, खरं तर पंख्याखाली बसायला. त्यांच्या घरात कूलरचा आवाज येत होता. पण काकू पुढच्या खोलीत फरशीवर आडव्या पडल्या होत्या, पदर ओला करून गळ्याभोवती घेतलेला, हातात जुन्या वर्तमानपत्राची घडी. इन्व्हर्टरची तार फक्त उत्तरेच्या खोलीत गेली होती. मी काही बोलायच्या आतच साहेब म्हणाले, "माणसाला घाम येतो, माणूस उठून गच्चीवर जाऊ शकतो. हे झाड कुठं जाणार?" त्यांच्या बोलण्यात नेहमी एवढा तर्क असायचा की तो खोडून काढेपर्यंत पुढचा उन्हाळा यायचा. त्यांच्याकडे धुणंभांडी करणारी कमला मात्र मला फाटकाशी म्हणाली, "साहब के पौधे कश्मीर में रहते हैं भैया, अम्मा भोपाल में रहती हैं."

बोअरचं पाणी जड, ते झाडाला चालत नाही. म्हणून गच्चीवर पावसाच्या पाण्याची चार पिंपं होती, झाकणाला कुलूप लावलेली. एका उन्हाळ्यात कॉलनीचा पंप जळाला आणि तीन दिवस नळाला पाणी नव्हतं. काकूंच्या डोक्याला नुकताच कलप लावलेला. त्यांनी किल्ली शोधली आणि पिंपातून दोन बादल्या पाणी घेऊन न्हाल्या. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी काठी घालून पिंपाची पातळी बघितली, वहीत लिहिली, आणि किल्ली तेव्हापासून जानव्याला बांधली. काकूंशी ते त्यानंतरही पूर्वीसारखंच बोलत राहिले, आणि मला वाटतं तेच त्यांना जास्त लागलं असावं.

काकूंची आई सांगलीला होती. ती मे महिन्यातच गेली. सकाळी फोन आला. कार्यालयातून सुट्टी काढून मी गाडी घेऊन गेलो, दोघांना स्टेशनवर सोडायचं म्हणून. दारात एकच बॅग होती. साहेब म्हणाले, "तू हो पुढे. मी आलो तर इथं दोन दिवसांत सगळं वाळून जाईल." ते सांत्वनाचं काही बोलायला चुकले असं नाही, त्यांनी काकूंच्या पाठीवर हात ठेवला, तिकीट तपासलं, डब्याचा नंबर दोनदा वाचून दाखवला. गाडीत काकू मागे बसल्या होत्या. रडल्या नाहीत. फाटक ओलांडल्यावर म्हणाल्या, "मिलिंद, वास छान आहे एवढंच म्हटलं होतं रे मी. झाड मागितलं नव्हतं. लोक ऐकून विसरतात तसं विसरायचं होतं यांनी."

हे साहेबांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी ते सगळं काकूंसाठीच चाललं होतं. मला कितीदा तरी म्हणाले असतील, "हिला तो वास एकदा घरात आणून द्यायचाय." बायकोवर एवढा जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि तो सगळा जीव त्या खोलीत कूलरसमोर ठेवलेला.

मी मोबाइलवर एकदा वाचलं की या जातीच्या ऑर्किडला हिवाळ्यात जवळजवळ कोरडं ठेवावं लागतं. पाणी तोडलं, कंद थोडे सुरकुतले, की मग ते फुलावर येतं. साहेब मात्र बारा महिने दर तिसऱ्या दिवशी दीड मग पाणी घालायचे. मी धीर करून सांगितलं. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि चौकटीतल्या चिठोऱ्याकडे बोट दाखवलं. पानी बराबर देना. "ज्यानं झाड पिकवलं त्यानं लिहून दिलंय. तुमच्या मोबाइलवरचं कुणी तपासलंय का?" विषय संपला. ज्यांनी आयुष्यभर सही हेच प्रमाण मानलं त्यांना हे कसं पटणार.

मग कोरोनाचा पहिला हिवाळा आला. डिसेंबरात साहेबांना झाला आणि चांगलाच झाला. अठरा दिवस दवाखान्यात, मग घरी आल्यावर महिनाभर पुढच्या खोलीत पलंगावर. जिन्याची एक पायरी चढायचं बळ नव्हतं. काकूंना सौम्यच झाला होता, त्या आठवडाभरात उभ्या राहिल्या. साहेबांनी दवाखान्यातून फोनवर त्यांना तक्ता आखून घ्यायला लावला होता: तारीख, दीड मग, बरोबरची खूण. घरी आल्यावर ते रोज तो तक्ता मागवून बघायचे.

जानेवारीत मी त्यांच्या औषधांची पिशवी द्यायला गेलो. साहेब झोपले होते. काकू आत होत्या म्हणून मी उत्तरेच्या खोलीत डोकावलो. कंदांवर सुरकुत्या होत्या. मी कुंडीत बोट घातलं. साल इतकी कोरडी की बोटाखाली वाजली. पाण्याच्या मगात कोळ्यानं जाळं केलं होतं. आणि दारामागे खिळ्याला तक्ता, दर तिसऱ्या दिवशी एक सुबक खूण, एकही चुकलेली नाही.

"काय बघतोस?" काकू मागे उभ्या होत्या.

"काही नाही," मी म्हटलं.

"मग काही बघितलं नाहीस," त्या म्हणाल्या आणि पिशवी घेऊन गेल्या. मी घरी आलो. आमच्या हिला सांगितलं, तर ती म्हणाली की तुम्ही त्यात पडू नका. मला कुणी तरी हेच सांगायला हवं होतं.

फेब्रुवारीत साहेब काठी घेऊन चालायला लागले आणि पहिल्यांदा त्या खोलीत गेले. सुरकुतलेले कंद बघून खाली बसले ते बराच वेळ उठले नाहीत. काकूंना त्यांनी काही विचारलं नाही, तक्त्यावर सगळं लिहिलेलं होतंच. पण दहाएक दिवसांनी त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. कंदांच्या बुडातून कोंब निघाले होते आणि त्यात पानं नव्हती, कळ्या होत्या. पाचही कुंड्यांत. ते काकूंकडे वळून माझ्यादेखत म्हणाले, "शालिनी, इतकी वर्षं मी घालत होतो, पण नियमितपणा तुझा. तुझ्या हातानं आलं हे." सोळा वर्षांत त्यांनी काकूंचं कौतुक केलेलं मी तेवढंच ऐकलं. काकू म्हणाल्या, दूध उतू जाईल, आणि आत गेल्या.

मार्चच्या सुरुवातीला फुलं उमलली. मी कार्यालयातून येऊन चहा घेत होतो तेव्हा साहेबांनी बोलावलं. अंगावर इस्त्रीचा शर्ट होता. खोलीचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबलो. वास असा होता की आधी फुलं दिसलीच नाहीत. गोड, पण डोक्यात जाणारा नाही, किंचित लिंबासारखा. सगळी खोली त्यानं भरली होती, गोणपाटसुद्धा.

साहेब फुलाजवळ बसले होते. दुखण्यात त्यांना वास येणंच बंद झालं होतं. चहा म्हणजे गरम पाणी लागतं, असं ते म्हणायचे. त्यामुळे स्वतःच्या नाकाचा भरवसा नव्हता आणि त्यांना साक्षीदार हवे होते. त्यांनी काकूंना हाताला धरून कुंडीशी आणलं. "बघ," ते म्हणाले. "तोच आहे का?"

काकू वाकल्या. किती तरी वेळ वाकून राहिल्या. मला त्यांची पाठ दिसत होती, श्वास आत गेला तोही दिसला. मग सरळ झाल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "कसलाच वास नाही."

"नीट बघ."

"नीटच बघितलं. नाही."

साहेब माझ्याकडे वळले. "मिलिंदराव, तुम्हाला?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनवणी नव्हती. असती तर मी कदाचित खरं बोललो असतो. तिथे नुसता थकवा होता, आणि सोळा मे महिने तर मी स्वतः बघितलेले होते. हो म्हणालो तर पस्तीस वर्षांचं झाड खरं ठरत होतं आणि बायको खोटी. नाही म्हणालो तर उलट. मी म्हणालो, "मला सर्दी झालीय, साहेब."

त्या दिवसांत सर्दी झालीय म्हणणं म्हणजे काय, हे ज्यांनी तो काळ काढला त्यांना सांगायला नको. साहेब लगेच दोन पावलं मागे सरले, मला तपासणी करून घ्यायला सांगितली आणि चौदा दिवस घराबाहेर पडू नका म्हणाले. मी माझ्याच थापेत अडकून घरात बसलो. खिडकी उघडली की तो वास आमच्या बैठकीत यायचा. रोज ठरवायचो की आता जाऊन सांगून टाकावं. रोज वाटायचं, काय सांगणार? फूल खोटं नाही, मग खोटं कोण?

बाराव्या दिवशी साहेबांचा फोन आला. आवाज नेहमीचाच, मोजका. त्या म्हाताऱ्यानं फसवलं मला, म्हणाले. तसंच दिसणारं बिनवासाचं झाड गळ्यात मारलं आणि मी चिठोरं चौकटीत लावून बसलो. पस्तीस वर्षं न तपासलेला माल घरात ठेवला. मी म्हणालो, साहेब, कदाचित... ते म्हणाले, कदाचित नाही, दोघांनी बघितलं. मी बघितलं नव्हतं, मी सर्दीचं निमित्त सांगितलं होतं, पण त्यांच्या हिशेबात ते बहुधा नकारातच जमा झालं होतं. मुलगी कधीची नाशिकला बोलावतेय, आता इथं राहण्यात काय अर्थ, उन्हाळ्याच्या आत निघतो, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

ते मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निघाले. कूलर कमलाला दिला होता. पाचही कुंड्या फाटकाबाहेर भिंतीशी उन्हात काढून ठेवल्या होत्या, महापालिकेची गाडी उचलून नेईल म्हणून. बहुतेक फुलं मान टाकून बसली होती, एका कुंडीत तेवढी चार-पाच टवटवीत होती. टॅक्सी दारात उभी होती. साहेब पुढे बसले. काकू कुलूप लावून आल्या, कुंड्यांपाशी थांबल्या, ती टवटवीत फुलांची डहाळी खुडली आणि अंबाड्यात खोवली. मी त्यांना कधी फूल माळलेलं पाहिलं नव्हतं. त्या मागे बसल्या.

साहेबांनी काच खाली केली होती. मला म्हणाले, "बिनवासाचं फूल माळून निघालीय बघा तुमची काकू." आणि हसले. ते त्यांचं हसणं मनापासूनचं होतं, झालं गेलं सोडून दिल्याचं.

ड्रायव्हरनं मास्क हनुवटीवर ओढला, एक खोल श्वास घेतला आणि आरशात बघत म्हणाला, "क्या खुशबू है अम्मा, पूरी गाड़ी महक गई."

काकूंनी अंबाड्यातलं फूल चाचपलं. मग म्हणाल्या, "इत्र लगाया है, भैया."

त्या घरात अत्तराची बाटली कधी नव्हती. हे मला ठाऊक होतं, तर साहेबांना नसणार? पण ते मागे वळले नाहीत. समोरच्या काचेकडे बघत राहिले, मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. ती त्यांची जुनी नजर होती, माल हातात घेऊन सही करायच्या आधीची.

"तुमची सर्दी बरी झाली का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "नाही अजून."

त्यांनी मान हलवली, काच वर केली आणि ड्रायव्हरला निघायला सांगितलं.